एकाच पावडरीत लोह २४ की ६१? दोन लॅब, दोन रिपोर्ट, धरायचा कुठला?

शंकेखोर

नमस्कार मंडळी, डोकं भंजाळलंय म्हणून विचारतेय. प्रोजेक्टसाठी वाळवलेल्या पाल्याची पावडर आणि एक मल्टीमिनरल गोळी, या दोन्हींतली खनिजं मोजून हवी होती. आमच्याकडे मशीन नाही, म्हणून बाहेर दिलं, आणि गाईड म्हणाले दोन ठिकाणी दे, म्हणजे पडताळा होईल. झालं उलटंच.

पावडरीत लोह पहिल्या लॅबला १०० ग्रॅममध्ये २४ मिग्रॅ आलं, दुसरीला ६१. पावडर एकाच डब्यातली, मी स्वतः दोन पिशव्या भरल्यात. गोळीचं तर अजूनच विचित्र, लेबलवर कॅल्शियम २०० मिग्रॅ लिहिलंय, पहिली म्हणते १३१, दुसरी २०४. लोह लेबलवर १४, पहिली ९.१, दुसरी १३.८. जस्त मात्र दोघींचंही १० च्या आसपास, म्हणजे लेबलप्रमाणेच. सेलेनियम ५५ मायक्रोग्रॅम असायला हवं, पहिलीच्या रिपोर्टात "आढळलं नाही", दुसरीत ५८. आयोडीन पहिलीने केलंच नाही, दुसरीने ६२ दिलंय आणि लेबलवर आहे १५०.

पद्धत म्हणून पहिलीने लिहिलंय "ड्राय अ‍ॅशिंग ५५० अंश, फ्लेम एएएस" (म्हणजे जाळून राख करायची आणि ज्योतीत अणूंनी किती प्रकाश शोषला ते मोजायचं) आणि दुसरीने "मायक्रोवेव्ह डायजेशन, आयसीपी-एमएस" (म्हणजे बंद भांड्यात विरघळवायचं आणि प्लाझ्मात आयन करून वस्तुमानानुसार मोजायचे). बाकी काही नाही. आता आयसीपी-एमएस भारी मशीन म्हणून डोळे झाकून दुसरा रिपोर्ट धरायचा का? की सरासरी काढून टाकू? गाईडचं मत सरासरीकडे झुकतंय आणि मला ते काही पटत नाहीये.

---

राखुंडी

सरासरी अजिबात काढू नका. २४ आणि ६१ ची सरासरी ४२.५ येते, आणि तो आकडा दोन्ही लॅबपैकी कोणालाच दिसलेला नाही, तुमच्या पावडरीत तर बहुतेक नाहीच.

आणि भारी मशीन म्हणून धरायचं हेही नको. लोह, जस्त, कॅल्शियम असल्या मिलिग्रॅममध्ये असणाऱ्या गोष्टींना फ्लेम एएएस पुरून उरतं. अ‍ॅलन वॉल्शने ऑस्ट्रेलियात १९५५ ला ही पद्धत मांडली तेव्हापासून अन्नातली खनिजं याच्यावर मोजली जातायत. गडबड बहुतेक वेळा मशीनच्या आधीच झालेली असते, सॅम्पल दळताना, जाळताना, विरघळवताना. मशीन बिचारं समोर आलेल्या पाण्यात जे आहे तेच सांगणार.

तुमच्या गोळीचं कॅल्शियम बघा. जस्त बरोबर आलंय म्हणजे वजन, डायल्यूशन, हिशोब या बाजूला फार घोळ नसावा. तरी कॅल्शियम एक तृतीयांश कमी. हे फ्लेममधलं अगदी जुनं दुखणं आहे. गोळ्यांत डायकॅल्शियम फॉस्फेट भराव म्हणून सर्रास घालतात, आणि फॉस्फेट असलं की हवा-अ‍ॅसिटिलीनच्या ज्योतीत कॅल्शियम त्याला घट्ट धरून बसतं, सुटे अणूच होत नाहीत, मग शोषण कमी दिसतं. त्याला उपाय लँथॅनम क्लोराइड, स्टँडर्डमध्ये (तुलनेसाठीचं माहीत प्रमाणाचं द्रावण) पण घालायचं आणि सॅम्पलमध्ये पण, म्हणजे फॉस्फेट लँथॅनमशी जुळतं आणि कॅल्शियम मोकळं होतं. नाहीतर नायट्रस ऑक्साइडची जास्त गरम ज्योत वापरायची. पहिल्या लॅबला एवढंच विचारा, "लँथॅनम घातलं होतं का?" उत्तर यायला वेळ लागला तर समजून जा :)

सेलेनियमचं तर त्या पद्धतीत काही जमणारच नव्हतं. ५५० ला उघड्या क्रुसिबलमध्ये (भट्टीत ठेवायची वाटी) राख करायची म्हटली की सेलेनियम बऱ्यापैकी उडून जातं, पारा, आयोडीन पण तसेच, आर्सेनिकचाही भरवसा नाही. आणि जे काही शिल्लक राहतं ते फ्लेमला नीट दिसत नाही, कारण सेलेनियमची रेषा १९६ नॅनोमीटरला आहे आणि तिथे ज्योत स्वतःच प्रकाश खाते. त्यासाठी हायड्राइड जनरेशन किंवा ग्रॅफाइट फर्नेस असली वेगळी जोडणी लागते. म्हणून "आढळलं नाही" हे वाक्य "इतक्याच्या खाली आम्हाला दिसत नाही" असं वाचायचं, आणि ते "इतकं" किती हे रिपोर्टात असायलाच पाहिजे. नुसतं "आढळलं नाही" लिहिणारा रिपोर्ट मी तरी परत पाठवतो.

गोळीतलं लोह कमी का, तर माझा संशय राखेवर. एवढ्या तापमानाला लोहाचं हेमटाइट (एक ऑक्साइड) होतं आणि ते पातळ नायट्रिकमध्ये पटकन विरघळत नाही, गरम हायड्रोक्लोरिकने जरा दमाने काढावं लागतं. गोळीचा रंग तपकिरी-लालसर आहे का? असेल तर कोटिंगमध्येच आयर्न ऑक्साइड रंग म्हणून असू शकतो, तोही असाच हट्टी.

---

प्लाझ्मावाली

वरच्यांशी सहमत, पण दुसऱ्या रिपोर्टाला पण लगेच देवघरात बसवू नका हं. मी रोज आयसीपी-एमएसवर असते म्हणून सांगते.

आयोडीन आधी. मायक्रोवेव्हमध्ये नायट्रिक टाकून जे डायजेशन करतात त्याच द्रावणात आयोडीन मोजलं असेल तर ६२ हा आकडा सोडून द्या. अ‍ॅसिडमध्ये आयोडाइडचं आयोडीन होतं, ते वाफेने जातं, नळ्यांना चिकटतं, मग पुढच्या सॅम्पलमध्ये थोडं थोडं येत राहतं, एकाचं कमी आणि दुसऱ्याचं उगाच जास्त. आयोडीन वेगळं काढायचं असतं, टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइड नावाचा अल्कली असतो, आम्ही टीमाह म्हणतो, त्यात ९० अंशाला काही तास ठेवून, मग गाळून, अल्कलीतच मोजायचं. लॅबने एकाच व्हेसलमधून (डायजेशनचं भांडं) पंचवीस मूलद्रव्यं दिली आणि त्यात आयोडीनही असलं की मी तिथेच थांबते.

आता आयसीपी-एमएसची स्वतःची नाटकं. प्लाझ्मा आर्गॉनचा, त्यामुळे आर्गॉन ज्याच्या त्याच्याशी जोडी जमवतो. आर्गॉन अधिक ऑक्सिजन म्हणजे वस्तुमान ५६, लोहाच्या मुख्य समस्थानिकाच्या (त्याच मूलद्रव्याचा ठरावीक वस्तुमानाचा अणू) डोक्यावर. दोन आर्गॉन म्हणजे ८०, सेलेनियमच्या डोक्यावर. आर्गॉन अधिक क्लोरीन म्हणजे ७५, आणि आर्सेनिकला तर ७५ सोडून दुसरा समस्थानिकच नाही. पारा टिकावा म्हणून बरेच जण डायजेशनमध्ये थोडं हायड्रोक्लोरिक घालतात, ते बरोबरच आहे, पण मग क्लोरीन आलं की आर्सेनिक फुगतं. म्हणून मशीनमधल्या कोलिजन सेल नावाच्या कप्प्यात हिलियम सोडतात, हे जोड-आयन आकाराने मोठे असतात, हिलियमला जास्त वेळा धडकतात, ऊर्जा गमावतात आणि गाळले जातात. सेलेनियमला ७८ वर हायड्रोजन अजून बरा. लॅबला विचारा लोह आणि सेलेनियम कुठल्या मोडमध्ये, कुठल्या वस्तुमानावर मोजलं. नो-गॅस मोडमध्ये, म्हणजे असा वायू न सोडता, लोह ५६ वर मोजलं म्हणाले तर कठीण आहे. तरी गोळीतलं लोह इतकं जास्त आहे की तिथे याने फार फरक पडणार नाही. तुमची गोळी मला ठीक वाटतेय, माझा खरा संशय पावडरीवर आहे.

पावडरीतलं ६१ हे लोह बाहेरून आलेलं असू शकतं. दोन संशयित, माती आणि स्टील. लॅबने पावडर परत दळली असेल तर स्टीलच्या पात्यातून लोह येतं, पण एकटं येत नाही, क्रोमियम आणि निकेल सोबत घेऊन येतं. माती असेल तर अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम सोबत येतात. आयसीपी-एमएसवाल्यांकडे हे आकडे बहुतेक वेळा पडलेलेच असतात, तुम्ही मागितले नाहीत म्हणून छापले नाहीत. मागून घ्या ना.

---

शंकेखोर

बाप रे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. दोन्ही लॅबना मेल टाकला. दुसरीने लगेच उत्तर दिलं. पावडरीत अ‍ॅल्युमिनियम ५८ मिग्रॅ प्रति १०० ग्रॅम, टायटॅनियम "उच्च, अंशतः विरघळलेलं" असा शेरा, क्रोमियम-निकेल दोन्ही किरकोळ. सॅम्पल परत दळलं नव्हतं म्हणाले. पहिलीने सांगितलं की राख अ‍ॅसिडमध्ये घेतल्यावर थोडा करडा गाळ राहिला तो फिल्टर केला, "नेहमीची प्रोसिजर". लँथॅनमचं अजून उत्तर नाही. आणि हो, गोळी विटकरी रंगाचीच आहे!

म्हणजे माती? पण पाला धुतलेला होता असं पुरवणारे सांगतात.

---

प्लाझ्मावाली

धुतलेला असेलही, पण खरबरीत, लवदार पानांत बारीक धूळ अडकून बसते, आणि उघड्यावर वाळवताना वरून अजून पडते.

अंदाजे हिशोब करून बघा. पृथ्वीच्या कवचात सरासरी अ‍ॅल्युमिनियम ८ टक्के आणि लोह ५ टक्के धरतात. मग ५८ मिग्रॅ अ‍ॅल्युमिनियम मातीतून आलं असेल तर त्याच्यासोबत लोह साधारण ३६ यायला पाहिजे. ६१ मधून ३६ गेले, २५ उरले. पहिल्या लॅबने गाळ फिल्टर करून टाकला आणि तिला २४ मिळालं. मला तर हे बघून मजा वाटली!

---

गाळणकागद

मजा वाटली ते ठीक, पण प्लाझ्माताई, हे वजाबाकीचं गणित तिला प्रबंधात लिहायला लावू नका. कवचाची सरासरी ही सरासरी आहे. लाल, जांभ्यासारख्या मातीत लोहाचं प्रमाण कितीतरी जास्त असतं, तिथे हे गुणोत्तर सपशेल कोसळतं. दुसरं, मायक्रोवेव्हमध्ये नुसतं नायट्रिक वापरलं तर सिलिकेट पूर्ण फुटत नाहीत, त्याला हायड्रोफ्लोरिक लागतं, म्हणजे ५८ हाच आकडा कमी आलेला असू शकतो. तिसरं, पहिल्या लॅबचा फिल्टर फक्त मातीच अडवत होता असं थोडंच आहे? ५५० ला पाल्यातल्या सिलिकासोबत पाल्याचं स्वतःचं लोहही अडकतं आणि गाळात जातं. त्यामुळे २५ आणि २४ जुळले हा पुरावा नाही, इशारा आहे. माती आहे एवढं मात्र नक्की म्हणता येईल, वनस्पती सहसा इतकं अ‍ॅल्युमिनियम घेत नाहीत, चहासारखे अपवाद सोडले तर.

योग्य मार्ग म्हणजे तोच पाला वाळवण्याआधी डीआयोनाइज्ड पाण्याने नीट धुऊन, झाकून वाळवून, नवीन सॅम्पल करणं. मग अ‍ॅल्युमिनियम खाली येतं का आणि त्यासोबत लोह किती खाली येतं ते बघा. दोन्ही खाली आले तर प्रश्न सुटला.

दोन लॅबमध्ये फरक किती चालतो हे पण कळायला हवं, नाहीतर आपण प्रत्येक फरकामागे धावत बसतो. विल्यम हॉर्विट्झने १९८० मध्ये कितीतरी आंतरलॅब चाचण्यांचे निकाल एकत्र पाहून दाखवलं की प्रमाण जसं कमी तसा लॅब-लॅबमधला फरक वाढतो, मग पद्धत कुठली का असेना. किलोला १०० मिग्रॅला साधारण ८ टक्के, १ मिग्रॅला १६ टक्के, १ मायक्रोग्रॅमला ४५ टक्के. तुमच्या पावडरीत लोह किलोला शेकडो मिग्रॅ आहे, म्हणजे सातेक टक्के. २४ आणि २६ आले असते तर मी काही म्हटलं नसतं, जस्ताच्या फरकाकडे कोणी बघितलं नाही ते त्याचमुळे. २४ आणि ६१ हा तसला फरक नाही, दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्यात. ओलावा धरून की कोरड्या वजनावर हे पण दोघांना विचारून घ्या, त्याने अडीचपट फरक पडत नाही पण टेबलात शेजारी शेजारी छापताना लाज जाते.

आणि दोन्ही रिपोर्टांत मला जे सगळ्यात जास्त खटकलं ते म्हणजे संदर्भ पदार्थ कुठेच नाही. सर्टिफाइड रेफरन्स मटेरियल म्हणजे ज्यातली मूलद्रव्यं आधीच पक्की मोजून प्रमाणपत्रासह दिलेली असतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन-मानकांच्या संस्थेची पालकाची पानं आहेत, १५७०ए, सफरचंदाची पानं १५१५, आणि तुमच्या गोळीसाठी तर ३२८० नावाची मल्टिव्हिटॅमिन गोळीच आहे. लॅबने तुमच्या सॅम्पलबरोबर तीच प्रक्रिया करून यातलं एक लावलं असतं तर आज हा धागाच उघडला नसता.

यावर लॅबवाले हमखास म्हणतात, "आमची स्पाइक रिकव्हरी ९८ टक्के आहे." स्पाइक म्हणजे आधीच विरघळलेलं लोह सॅम्पलमध्ये टाकून ते परत किती मिळतं ते बघणं. ते विरघळलेलंच आहे, ते मिळणारच! गोळीतलं आयर्न ऑक्साइड क्रुसिबलच्या तळाशी तसंच बसलेलं असेल तरी स्पाइक ९८ टक्केच येणार. गळती, बाष्पीभवन, मशीनमधला अडथळा यांसाठी स्पाइक चांगला आहे, पण विरघळलं की नाही हे तो सांगत नाही. पाल्याला पाल्याचाच संदर्भ लावावा तो याचसाठी.

---

उगाच_विचारतो

मध्येच घुसतो, माफी. मी लॅबमधला नाही, सप्लिमेंट घेणारा साधा माणूस. दोन प्रश्न. एक, ती बंदुकीसारखी एक्सरे मशीन असते ना, गोळीवर धरली की आकडे दाखवते, ती चालत नाही का, कशाला हे अ‍ॅसिड वगैरे? दोन, माझ्या डब्यावर "मॅग्नेशियम ऑक्साइड ५०० मिग्रॅ" आहे आणि मित्राच्या डब्यावर "मॅग्नेशियम १०० मिग्रॅ (सायट्रेट स्वरूपात)", तर माझं पाचपट आहे असं धरू का?

---

राखुंडी

उगाच नाही, चांगले प्रश्न आहेत.

ती एक्सरे बंदूक, म्हणजे एक्सआरएफ, चाळणी म्हणून उत्तम. पोटॅशियम, कॅल्शियम, लोह, जस्त जास्त प्रमाणात असेल तर बऱ्यापैकी दाखवते, शिसं खूप असेल तर ओरडते. पण सोडियम-मॅग्नेशियमसारख्या हलक्या मूलद्रव्यांचे किरण इतके मिळमिळीत असतात की हवेतच विरतात, आणि सेलेनियम-क्रोमियमच्या मायक्रोग्रॅमच्या बाता तिच्याकडून करायच्या नाहीत. शिवाय ती फक्त वरचा थर बघते, कोटिंग असलेल्या गोळीवर धरली तर कोटिंगचा रंग मोजाल. वीसेक गोळ्या एकत्र कुटून, नीट मिसळून, दाबून टिकिया करून धरली तर जरा अर्थ आहे. ते वीसेक गोळ्यांचं शंकेखोरताईंच्या लॅबनाही विचारण्यासारखं आहे, कारण एकच गोळी घेऊन केलं तर आकडा त्या एका गोळीचा.

दुसरं, नाही, पाचपट नाही. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम ६० टक्के, म्हणजे तुमच्या ५०० मध्ये ३००. मित्राच्या डब्यावर थेट मॅग्नेशियमच लिहिलंय, ते १००. म्हणजे तिप्पट. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के, सायट्रेटमध्ये २१ च्या आसपास, फेरस फ्युमरेटमध्ये लोह ३३, ग्लुकोनेटमध्ये १२. काही डब्यांवर क्षाराचं वजन ठळक आणि मूलद्रव्याचं बारीक छापतात, तिकडे लक्ष ठेवा. आणि पोटात गेल्यावर तिप्पट नाहीच, ऑक्साइड पाण्यात फारसं विरघळत नाही, सायट्रेट त्यामानाने बरंच शोषलं जातं.

---

गाळणकागद

याला जोडून. हे सगळे आकडे "एकूण" आहेत. सगळं जाळून-विरघळवून मोजलं की पदार्थात किती आहे ते कळतं, शरीराला किती मिळेल ते नाही. पालकात कॅल्शियम भरपूर, पण ऑक्झलेटने बांधलेलं, शोषण साधारण ५ टक्के, दुधातलं २७ च्या आसपास. आयसीपीला दोन्ही सारखंच कॅल्शियम. शंकेखोर यांच्या पावडरीतलं मातीचं लोहही तसंच, बहुतेक ऑक्साइड, त्यातलं रक्तात किती जाणार? त्यामुळे ६१ "खरं" निघालं तरी "ही पावडर लोहाचा खजिना" असं वाक्य प्रबंधात येऊ देऊ नका, परीक्षक तिथेच पकडेल.

---

शंकेखोर

हो, ते वाक्य होतं :) काढलं. धुतलेला पाला परत मागवलाय. आता दुसऱ्यांदा देताना लॅबला नेमकं काय काय लिहून देऊ? आणि गोळीचं १३.८ लोह, लेबल १४, हे कंपनीने कमी घातलं असं म्हणायचं का?

---

प्लाझ्मावाली

१३.८ ला कमी म्हणू नका, मोजण्यातली अनिश्चितताच त्याहून मोठी आहे. युरोपच्या मार्गदर्शक तत्त्वांत सप्लिमेंटमधल्या खनिजांना उणे २० ते अधिक ४५ टक्के सूट आहे, आणि कंपन्या मुद्दाम थोडं जास्तच घालतात. अनिश्चितता किती, ते लॅबकडून आकड्यात घ्या, अधिक-उणे लावून.

मेलमध्ये हे टाका. पाला तिथे परत दळायचा असेल तर स्टीलमध्ये नको, अ‍ॅगेट किंवा झिरकोनियाच्या खलात. टंगस्टन कार्बाइड पण टाळा, कोबाल्ट सोडतं. पावडरचं प्रत्येकी अर्ध्या ग्रॅमचं डायजेशन तीन स्वतंत्र व्हेसलमध्ये, एकाच द्रावणाची तीन वाचनं नकोत, बरेच जण तेच करून "तीनदा केलं" म्हणतात. द्रावणात तळाशी गाळ राहिला तर तसं लिहा, गुपचूप फिल्टर करू नका. गोळीत पांढरा गाळ राहील तो टायटॅनियम डायऑक्साइड, कोटिंगचा, त्याची काळजी नको, पण विटकरी राहिला तर लोह आहे. त्या गोळीला नायट्रिकसोबत थोडं हायड्रोक्लोरिक घालायला सांगा. ब्लँक (सॅम्पल न घालता तीच प्रक्रिया) पण त्याच बॅचमध्ये, त्याच व्हेसलमध्ये, आणि त्याचे आकडे रिपोर्टात हवेत. जस्तासाठी तर नक्कीच, रबरी ग्लोव्हजमधून पण जस्त येतं. अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम यावेळी आधीच यादीत घाला. संदर्भ पदार्थ १५७०ए किंवा १५१५ पाल्यासाठी, ३२८० गोळीसाठी, नसेल त्यांच्याकडे तर कुठला लावणार ते आधी विचारा.

आयोडीन मोजायला द्यायच्या गोळ्या वेगळ्या बाटलीत द्या, त्यावर "अ‍ॅसिड डायजेशन नको, टीमाह" असं मोठ्या अक्षरात. ते "होत नाही" म्हणाले तर आयोडीन त्या लॅबला देऊच नका. आणि पहिल्या लॅबचं लँथॅनमचं उत्तर आलं की इकडे टाका, मला उत्सुकता आहे.